जुना गुडघा घेऊन नवा

मिनेसोटातल्या दवाखान्यात लोर्ना गुडघा बदलायला आली होती. बाहेर बर्फ पिंजलेल्या कापसासारखा उतरत होता. शेजारी व्हर्न डॉक्टरांना काय सांगायचं, याची बायकोसमोर तालीम करत होता. जुन्या गाड्या विकणं सोडून तो नुकताच कृत्रिम गुडघे विकू लागला होता.

“डॉक्टर, एकाच मालकिणीनं वापरलेला गुडघा—”

“अरे, नवा आहे तो!”

“सवयीनं निघालं गं.”

“आज डॉक्टर नाही म्हणाले, तर नोकरी गेली तुझी.”

“बरं. डॉक्टर, कडाक्याच्या थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू होतो.”

“व्हर्न!”

“जुना आणून द्या, किंमत कमी करतो.”

“कपाळ माझं!”

लोर्ना खुर्ची सरकवत जवळ आली.

“अहो, माझा एकाच मालकिणीनं वापरलाय, पण थंडीत सुरूच होत नाही. घेत असाल, तर डॉक्टरांना सांगते, यांचाच बसवा.”