हाताशी लागतं

कॅनडात, विनिपेगमध्ये गाडीला बर्फासाठीचे विंटर टायर बसवायला गेलो होतो. दुकानाच्या वेटिंग रूममध्ये साठीच्या एक बाई फोन स्पीकरवर टाकून मोठमोठ्याने बोलत होत्या. इथे मराठी कोणाला कळतंय, असं त्यांना वाटलं असावं.

"यशोधन, टेक्सासहून गुरुवारी निघतोयस ना?"

"आई, या वेळी ड्राइव्ह करून नाही जमणार."

"का रे? मागे दोनदा आलास की."

"तेव्हा माझ्याकडे पिस्तूल नव्हतं."

"पिस्तूल?"

"ग्रीन कार्ड आल्यावर घेतलं. कमरेला असतं, शर्टाखाली. गाडी चालवताना हाताशी लागतं."

"कोणी टपून बसलंय का तुझ्यावर?"

"नाही गं. सवय झालीय."

"मग घरी ठेवून ये."

"दोन दिवसांचा रस्ता, एकटा, त्याच्याशिवाय? भीती वाटते. आणि ते घेऊन कॅनडात सोडणार नाहीत."

"विमानाने ये."

"बघतो."

"रविवारी बाबांना जाऊन वर्ष होईल."

"बघतो म्हटलं ना. तू कुठे आहेस?"

"टायर बदलायला आलेय."

"गाडी कोण चालवतंय?"

"मीच. मार्चमध्ये लायसन्स काढलं."

"स्नोमध्ये? तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. शेजारच्या सीटवर बाबांचं जॅकेट ठेवते, बेल्ट लावून."

"जॅकेट कशाला?"

"हाताशी लागतं रे."