वर्गात दाखवलेला ईमेल

—नाही, उठू नका, आता आलाच आहात तर ऐकूनच जा. जावईबापू म्हणायचं ना तुम्हाला? लग्नाला मी नव्हतो, त्यामुळे सवय नाही. काय म्हणालात मघाशी — तिनं स्वतः लिहिलेला ईमेल मी वर्गात खोटा म्हणून दाखवला, पोरं हसली, आणि त्या तासाचं रेकॉर्डिंग तिनं पाहिलं? दाखवला. मग? फसव्या ईमेलवर उभं आयुष्य घातलंय मी, संगणक सुरक्षेचा प्राध्यापक म्हणून लोक मला बोलावतात ते काय माझं थोबाड बघायला? आणि तुम्ही तरी तो वाचलाय का — अनोळखी पत्ता, वर 'बाबा, लगेच उघडा', खाली एक लिंक, म्हणे नातीचा फोटो. अहो, घाई आहे, भावना आहे, लिंक आहे, तिन्ही लक्षणं एका जागी. माझ्याच शोधनिबंधात आहेत ती, पहिल्या पानावर. असा नमुना शोधून सापडत नाही. लाल खुणा करून पडद्यावर लावला, म्हटलं, बघा, चोरानं माझी मुलगीसुद्धा शोधून काढली.

फोन? केला असेल. अनोळखी नंबर मी उचलत नाही. हसू नका. विभागात मला पाठीमागे 'कुलूप' म्हणतात, माहितीये मला, म्हणेनात का — पण त्यांच्यातले दोघे फसले, मी नाही फसलो एवढ्या वर्षांत. एकदाही नाही. बायको गेली तेव्हा सांत्वनाचे ईमेल आले ना, त्यातलेही निम्मे मी उघडले नाहीत… ते जाऊ दे. तिचा विषय नाही आत्ता.

मुद्दा काय, की पोरीला अक्कल नको? माझ्या घरात वाढली आणि लिंक पाठवते? फोटो नुसता जोडता येत नाही? — नाही, जोडलेलाही मी उघडला नसता, ते खरंय. मग काय करायचं होतं? यायचं. सरळ दारात येऊन उभं राहायचं. बापाच्या घरी यायला काय परवानगी लागते?

हे काय, फोन कशाला पुढे करताय? ती आहे त्यावर? कशावरून? आवाजाचं मला सांगू नका, आवाजाची नक्कल हल्ली कोणीही करतं, माझाच एक विद्यार्थी त्यावर पीएचडी करतोय. थांबा. तिला एक विचारा. घर सोडून गेली त्या दिवशी दारात मी तिला शेवटचं काय म्हणालो. विचारा ना. दुसरं कोणी नव्हतंच तिथं, तिला आणि मलाच ठाऊक आहे ते.

काय म्हणतेय? अडखळू नका, शब्दाला शब्द सांगा.

'परत आलीस तर मी तुला ओळखणार नाही' — असं म्हणाली?

…हो. तीच आहे.

फोन इथं ठेवा, टेबलावर. तुम्ही जरा बाहेर थांबा. दार ओढून घ्या.