आकडा सगळ्या आळीचा

मन? मनाला काय झालंय तिच्या, मॅडम? काय पण विचारता! बसा आधी — त्या टोपलीवर नको, ओले बोंबील हायत, साडीला वास लागंल आन् अलिबागपर्यंत सगळी यष्टी तुमच्याकडं बघंल. हां, इथं बसा. माझी नात एकदम खूश हाय. ती काय, धक्क्यावर बसलेय, आमच्याकडं पाठ करून. समुद्र बघते. चार दिवस तेच बघते. माझ्याशी बोलत न्हाय, पण ते लाडानं. अकरा वर्षांच्या पोरीचं काय मनावर घ्यायचं?

काय? तिनं तुमाला फोन केला, मशीन परत न्या म्हणून? व्हय, म्हाईत हाय. तुमी येईपर्यंत काढू नको म्हणालात म्हणून अंगावर हाय अजून, न्हायतर कधीच खोक्यात गेलं असतं. तुमच्या संस्थेचं मशीन चांगलं हाय हो! दंडावरचं बटण साखर मोजतं, कमरेचं यंत्र आपलं आपण इन्शुलिन सोडतं, आन् आकडा येतो या फोनवर. माझी सून पूनम म्हावरं घेऊन बोर्लीच्या बाजाराला जाते, मुलगा होडीवर — मग फोन कुणाकडं? माझ्याकडं. शाळा शिकले न्हाय, पण आकडे वाचते. चढला की वाचते, उतरला की वाचते. मोठ्यानं वाचते.

आता मोठ्यानं म्हणजे — बघा, आमच्याकडं होड्या बाहेर असल्या आन् वारा सुटला, की जिला पयली खबर लागते तिनं ओट्यावर उभं राहून सगळ्या आळीला ओरडून सांगायची. दयारामची होडी दिसली गो! खबर पोटात ठेवायची न्हाय, पाप लागतं. माझे मालक वादळात अडकले होते, तेव्हा तुळशीनं त्या टोकावरनं ओरडून सांगितलं, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली पाणी उतरलं. मग नातीची साखर मी एकटीनं पोटात ठेवू? क्रांती, दोनशे चाळीस! काय गिळलंस गो? — असं मी ओरडले की बायका हातातलं काम टाकून विचारतात. सोनूबाई म्हणते पाव खाताना बघितली, किशोरी म्हणते न्हाय, आंबापोळी. सगळी आळी काळजी करते हो, तुमच्या शहरात कोण करतं एवढी? शाळेतली पोरंसुद्धा तिला 'ए दोनशे चाळीस' म्हणून हाक मारतात. प्रेमानंच. खायच्या आधी यंत्राला सांगायचं असतं, हे तुमीच शिकवलंत ना? पण ती हल्ली खाते चोरून, यंत्राला पण सांगत न्हाय, मग आकडा चढतो. चोरून का खाते, ते काय मला कळत न्हाय.

गुरवारी मी अशीच ओरडले, तर ही घरातनं तिचं जुनं बोट टोचायचं मशीन घेऊन आली. म्हणते, आजी, दे बोट. सगळ्या बायका बघतायत, न्हाय कशी म्हणू? नीराबाई सुईला भ्याली म्हणाल्या असत्या! दिलं बोट. तर ही ओट्यावर चढली आन् माझ्याच आवाजात ओरडली — नीराबाई, तीनशे बारा! काय गिळलंस गो? अशा हसल्या सगळ्या, अशा हसल्या, की बोंबलांवर कावळे बसले तरी कुणाला शुद्ध न्हाय. आता पाण्याला गेले तरी विचारतात, काय तीनशे बारा, कशी हायस? हसायला काय झालं? माणसाचा आकडा असा चव्हाट्यावर — न्हाय, माझं वेगळं हो. माझं म्हातारपण हाय. गोळ्या? असतील डब्यात, दोन वर्षांमागच्या. पूनमला सांगू नका. कुणाला कळू दिलं न्हवतं मी, लोक कशी बघतात ते ठाऊक हाय ना मला.

काय बघता असं?

बरं, सांगते. मी तिला बोलले तेव्हा. सगळ्यांसमोर बोलले — माझं वय झालंय, तुला तर रोग हाय, तुला कोण करून घेणार? जीभ झडो माझी. हसत होती ओट्यावर, तशीच खाली उतरली. रडली न्हाय. रडली असती तर जवळ घेतली असती. मशीन गेलं तर ही परत सुया टोचत बसंल, आन् रात्री साखर उतरली तर मला कोण सांगंल, मॅडम? नेऊ नका हो मशीन. माझ्याकडनं फोन काढून घ्या वाटलं तर —

थांबा. वाजला. अडुसष्ट. बाण खाली, साखर उतरतेय. अगो बाय, क्रां—

…

काय गो सोनूबाई? न्हाय गो, काय आकडा न्हाय. हवामानाचा मेसेज हाय. वारा सुटणार म्हणतात, तुझे बोंबील बघ तू.

मॅडम, त्या पिशवीतली ग्लुकोजची पुडी द्या इकडं. मी जाते तिच्याजवळ, कानात सांगते. तुमी नका येऊ. आन् असं टक लावून बघू पण नका आमच्याकडं — ते कावळे हाकला.