मोजे साहेबांपुरते

मंडळी, कीर्तनाला बसलात, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाप कुणाला लागतं? करणाऱ्याला, करायला लावणाऱ्याला, की डोळे मिटून बसणाऱ्याला? — आप्पा, डोळे उघडा, तुमच्याविषयी नाही बोलत! निदान अजून तरी नाही!

तर ऐका. सावंतवाडीच्या पलीकडं काजूचा एक कारखाना. मालक बाळशेठ दळवी. साठ बाया तिथं काजू फोडायच्या. गर गोड हो, पण टरफलातलं तेल? कातडं जाळतं! आणि धुण्याचं तेलकट पाणी सरळ गावच्या ओढ्यात.

माल जायचा पुण्याच्या एका मोठ्या मिठाई कंपनीला. खरेदी बघायची मृण्मयी सबनीस. हुशार मुलगी! भाव पाडण्यात तिचा हात कुणी धरत नसे. हल्ली कंपन्यांचा नियम असतो — जिथून माल घेता, तिथली माणसं आणि पाणी बघून या. आली ती, कागद घेऊन. हातमोजे? आहेत! साठ बाया, एकशे वीस हात, पांढरेशुभ्र! केली बरोबरची खूण. पाणी? ओढ्याकडं जाणारी मोरी आदल्याच दिवशी बुजवलेली. केली खूण!

बाळशेठ खूश. आणि खूश माणसाला बढाईचा रोग होतो! म्हणाला, "मॅडम, आमच्या बाया म्हणजे घरच्या लेकी. आज सगळ्यांना हिरवा चुडा!" गंगाराम कासाराला बोलावणं गेलं.

आता तुम्हीच सांगा — मोजे घालून बांगडी भरता येते का?

मोजे निघाले! पहिली बसली द्रौपदी गावडे. कासारानं हात दाबला मात्र, बाई कळवळली. बोटांची सालं गेलेली, तळव्याला चिरा. जन्मभर एका सवाष्णीला रिकाम्या हातानं न उठवलेला म्हातारा तो! त्यानं बांगड्या परत दोरीत ओवल्या. म्हणाला, "शेठनू, ह्या हातांत चुडो भरूक माका जमाचा नाय."

मृण्मयीनं विचारलं, "मोजे रोज नसतात?"

द्रौपदी म्हणाली, "साहेब येतत तेव्हा मोजे येतत. साहेब गेले काय मोजेय जातत!"

भडकली मृण्मयी! "बाळशेठ, उद्यापासून माल बंद!" — झालं, सुटली! किती सोपं, नाही?

पण द्रौपदी उठली. "बाय, माल बंद केलंस तर हात बरे होतीत. पोटाचा काय?"

बाळशेठही पेटला. "गेल्या साली भाव कुणी पाडला, मॅडम? मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही शेजारच्या कारखान्याकडं गेला असतात. मी कुठून काढणार होतो? मोज्यांतून काढलं!"

मंडळी, तिला लाज वाटली. खरीखुरी. भाव पाडल्याबद्दल तिला कंपनीत शाबासकी मिळाली होती हो! तिनं खुणा खोडल्या आणि लिहिलं — मोजे नाहीत, पाणी ओढ्यात, कारण आमचा भाव. खाली सही. पुण्याला फोन लावला. कंपनीचे साहेब म्हणाले, "सोपं आहे, दुसरीकडून माल घे."

"दुसरीकडं बायांचे हात लोखंडाचे आहेत का, सर? भाव वाढवू, मोजे आणि पाणी त्यातच धरू, आणि मी न सांगता येत जाईन. जमत नसेल, तर खरेदीला दुसरी बघा."

आठ दिवस झुलवलं साहेबांनी. पण कंपनीच्या दप्तरी गेलेला सहीचा कागद गिळता येत नाही! झाले कबूल. मोजे रोजचे झाले, पाण्याला टाकी आली. बाळशेठ संत झाला का? छे! अजून कुरकुरतो. कुरकुरू दे, मोजे तर देतो!

आता वळतो तुमच्याकडं. दुकानात "अजून स्वस्तातलं दाखवा" कोण म्हणतं? मी म्हणतो, तुम्ही म्हणता. साहेबाला बळ देणारे आपणच! आता नामाच्या गजरासाठी हात जोडायचेत. जोडण्याआधी आपापले तळवे बघा. आप्पा, तुम्हीसुद्धा! मऊ आहेत ना? कुणाचे सोलले म्हणून आपले मऊ राहिले, ते आधी देवाला सांगा — आणि मगच त्याचं नाव घ्या!