बारावी लेव्हल सुटली म्हणे

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमे, तू होय! नंबर भलताच दिसला… ऑफिसातला का? बरं, बरं. बोल… हो, वहिनीच बोलतेय. तुझा दादा आतल्या खोलीत आहे, खिडकीपाशी.

हो… हो, सकाळी त्यांनी तुला फोन केला ते ठाऊक आहे मला. इथेच तर होते मी… हो गं, बारावी लेव्हल. सुटली.

आनंद आहे ना! का नसेल?… आवाजाला काय झालंय माझ्या? कपड्यांचं मशीन लावलंय, त्याची घरघर असेल.

…चिमे, थांब जरा. दार लोटून घेते.

हां. आता ऐक, आणि मधे बोलू नकोस. ती लेव्हल त्यांनी नाही सोडवली. मी सोडवली.

अगं मी! मीच… हस, हस. कपाट उघडलं की अंगावर कपडे कोसळतात ती मी, हो, तीच. वीस मिनिटांत सुटली मला. आणि ते सहा आठवडे त्यात डोकं घालून बसलेत.

कशी म्हणजे? रोज शेजारी बसून बघतेय की. पेट्या ढकलत खुणेच्या चौकोनावर न्यायच्या, बस. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. एकदा कोपऱ्यात गेली पेटी की गेली. मग बाकीच्या कितीही नाचवा, परत पहिल्यापासूनच मांडावं लागतं… तेच तर सांगतेय! ते त्यांच्या लक्षातच येत नाही. पेटी समोर अडकलेली असते, आणि हे तासभर उरलेल्या हलवत बसतात. पंचवीस वर्षं गोदामात मुकादमी केलेला माणूस! नुसता माल बघून सांगायचे, ही आधी, ती वर, काचेचं शेवटी… हो, तू तर पाहिलंयस. एक खोकं कधी मागे काढायला लागलं नाही.

अगं, व्यायाम घेणाऱ्या बाईंनीच दिला तो गेम. अर्धांगाचा झटका आल्यावर हात सुधारला, चालायला लागले, आता डोक्यालाही चालना हवी म्हणून. पण बजावलं होतं त्यांनी, तीनदा अडलं की बंद करायचं, उठायचं, चार फेऱ्या मारायच्या… उठतंय कोण! ताट गार होतं, चहावर साय धरते. ‘अहो, सोडा आता, उद्या बघा’ म्हणून माझा घसा बसला. तर म्हणतात, हे जमलं तर गोदाम जमेल.

हो ना. तिथेच तर सगळं अडलंय.

परवा दुपारी टॅब मांडीवर तसाच, आणि डोळे पुसत होते गं… हो, तुझा दादा. आई गेल्या तेव्हासुद्धा नव्हते रडले. मग खुर्चीतच डोळा लागला. मी टॅब उचलला. बंद करायलाच, शपथ! पण मला दिसलं गं समोर. आधी लांबची पेटी, मग दारातली… ढकलत गेले आणि वाजलं की ते सुटल्याचं. घाबरून तसाच मांडीवर ठेवला परत.

जागे झाले, बघत राहिले. ‘झोपायच्या आधी जमलं वाटतं मला,’ म्हणाले. मी म्हटलं, हो तर, माझ्या देखत जमलं… हो. असं म्हटलं मी. मधलं मधलं त्यांना आठवत नाही हे माहीत होतं मला, चिमे. त्याचाच फायदा घेतला.

कळतंय गं मला! दोन घास जास्त जेवतील, एवढंच होतं मनात. मला काय माहीत ते गोदामाच्या साहेबांना फोन करतील?… काल. न विचारता केला. सोमवारपासून येतो म्हणाले. साहेब भला माणूस, तो म्हणाला या, एक ट्रक भरून दाखवा, जागा तुमचीच… आनंदाचं काय त्यात? सगळ्या हमालांसमोर पहिलंच खोकं हातात घेऊन उभे राहतील, कुठे लावायचं सुचणार नाही. वरची थप्पी घसरली आणि खाली कुणी असलं तर?

विचारलं ना व्यायामाच्या बाईंना. आज सकाळीच. म्हणाल्या, जे परत यायचं ते बहुतेक आलंय, आता फार आशा लावू नका… हो. अशाच म्हणाल्या, सरळ.

तू सांगतेस का गं त्यांना? तुझं ऐकतील… नाही?… नाही, रागावत नाही. बरोबरच आहे. केलं मी, निस्तरायचं मी.

थांब, हाक मारतायत… काय हो?… चिमीचा फोन आहे!… आले, आले… अगं, म्हणतात स्पीकरवर टाक, परत खेळतो, सुटल्याचं वाजलेलं चिमीला ऐकू दे… नको काय? दार उघडून उभेच आहेत.

हं, टाकला हो स्पीकरवर. बसा नीट. उशी घ्या पाठीला… चिमे, सुरू केलं बरं का त्यांनी. बारावीच… अहो, ती नको, आधी ती लांबची… नाही, नाही, काही नाही. खेळा तुम्ही.

…हो चिमे, चाललंय. छान चाललंय.

अहो, घाई कसली आहे? कोपऱ्यात गेली ती, राहू दे. परत मांडा ना पहिल्यापासून… काय?… परवा कसं जमलं?

…थांबा, पाणी आणते तुम्हाला.

असं बघू नका हो माझ्याकडे.

अहो… अहो, बंद का केलात? एकदाच तर अडलं! अजून दोनदा आहे ना. मी बसते शेजारी, दोघं मिळून करू… घ्या हो परत हातात. अहो, घ्या ना…

चिमे, आहेस?… स्पीकर काढला. ठेवून दिला गं टॅब त्यांनी. सहा आठवडे मी ठेवा, ठेवा म्हणत होते…

नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. पाठीवर हात ठेवला माझ्या, म्हणाले, तुला चांगलं जमलं की.

नाही, रडत नाहीये… हं? थांब, काय म्हणतायत… फोन मागतायत गं. साहेबांना लावायचाय. सोमवारच्या आत दुसरा माणूस बघा म्हणून सांगतो म्हणाले.

…हो, देते हो. ठेवते, चिमे.