डॉक्टरीणबाईंनी मलाच पथ्य लावलं

नाही, तुम्हीच सांगा, मूल व्हायचंय सुनेला आणि घराबाहेर काढलं मला! तुम्हाला सांगतो, मी मुळात कमी बोलणारा माणूस. शिंपी. तोंडात टाचण्या असल्यावर बोलणार काय? पण गोष्टच अशी घडली...

मुलाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांच्यात बीज नाही. दात्याचं घ्यावं लागेल." दात्याचं! म्हणजे कापड परक्याचं आणि शिलाई आमची? मुलगा मान खाली घालून बसला, सुनेने त्याचा हात धरला, म्हणाली, "चालेल." झालं! मला कोण विचारतंय? मी एक अक्षर बोललो नाही. फक्त दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा माझा तरुणपणीचा फोटो फ्रेमसकट उतरवला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "असा द्या." बाई फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात... "आजोबा, रक्तगट, उंची, रंग जुळवतो आम्ही. मिशा नाही जुळवत!"

बरं, मग यश कशावर? तर म्हणे बाईचं वय बघायचं, नळ्या मोकळ्या हव्यात आणि दात्याचं बीज आत सोडायला बीजांड सुटायची वेळ अचूक साधायला हवी. अहो, एवढंच ना? वेळ मी साधतो! घड्याळ घेऊन सुनेच्या दाराशी उभा. "सूनबाई, निघायचं का? सूनबाई, जिना जपून! सूनबाई, शिंकू नकोस!" पहिली खेप फुकट. दुसरीही फुकट. सूनबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि मी दाराबाहेरून समजावत होतो, "रडू नये पोरी, रडल्याने यश कमी होतं..." तर आमची ही तरातरा बाहेर आली, "अहो, ते तोंड शिवा आधी!" मला? मुळात कमी बोलणाऱ्या माणसाला?

तिसऱ्या खेपेआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी काही ताण?" सून काही म्हणाली नाही हो, गुणाची पोर... नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मुलाने बघितलं. मग हिने. संध्याकाळी माझी पिशवी भरलेली! रवानगी थोरल्या बहिणीकडे. अक्का ठार बहिरी. तिथे बोलून करणार काय?

आणि सुनेला दिवस राहिले की हो! मुलाचा फोन, हसतोय की रडतोय कळेना. धावत आलो, डॉक्टरीणबाईंना विचारलं, या खेपेला वेगळं काय केलंत? "काही नाही. औषध तेच, पद्धत तीच. कधी लागतं, कधी नाही." आणि सगळे पुन्हा माझ्याकडे बघतात!

असू दे. पण एक सल होता, सुनेपाशी बोललो, "पोरी, यात माझं काहीच नसणार ना गं? ना डोळे, ना मिशा..." तिने माझा हात हातात घेतला, "बाबा, तुमच्याच मांडीवर वाढणार आहे ते. तुमची बडबड येणारच." तर हिने कपाळावर हात मारला, "ती येऊ नये म्हणून काही औषध आहे का विचार बाई!"

बडबड! ऐकलंत? मी, मुळात कमी... जाऊ दे. पिशवी पुन्हा भरलीय. बाळ येईपर्यंत मुक्काम अक्काकडे. तिला काही ऐकू येत नाही, म्हणून म्हटलं, जाता जाता तुम्हाला सांगावं.