मोकळी कड

न्हाई न्हाई, उठू नका, बसा की — खुर्ची एकच हाय म्हणून उठताय व्हय? मला ही विटांची चळतच बरी, गुडघ्याला खाली वाकवत न्हाई. वीरधवल येईल आत्ता, ठेकेदाराला आणायला गेलाय, येताना चहा पण घेऊन येतो म्हणालाय. तवर तुमी आन् मी. जाताना माझ्या कानात काय म्हणाला ठावं हाय? आई, तू जरा बोल साहेबांशी, पोरगंच हाय ते, म्हातारीला न्हाई म्हणायचं न्हाई — असं म्हणाला. आता हे तुमाला सांगितलं ते त्याला सांगू नका म्हणजे झालं. तर मगाशी तुमचं दोघांचं चाललं होतं ते सगळं ऐकलंय मी. वरची पाण्याची टाकी, मान्य. हर मजल्याला ते लाल नळ, मान्य. धूर झाला की कोकलणारी ती पांढरी डबी खोलीखोलीत, ती बी मान्य. आवं, मागचा जिना सुद्धा मान्य हाय त्याला. आगीतनं माणसं निघाली पायजेत, एवढं त्याला कळतंय, माझं लेकरू काय दुष्ट न्हाई. नुसतं त्या मागच्या जिन्याच्या दाराचं अडलंय. त्यो म्हणतो कुलूप लागणार, तुमी म्हणताय कुलूप चालणार न्हाई. एवढुसं दार, आन् त्याच्यापायी आगीच्या नकाशावर तुमची, इंजिनेराची, सही थांबलीय.

कुठलं म्हणायचं तुमी? वाईचं? आता बघा, आधी न्हाई का सांगायचं. खंडाळा माझं माहेर. वाईच्या बाजारात बापाच्या खांद्यावर बसून आलेली हाय मी. म्हणजे तुमी माहेरकडचं निघाला की — मग तर ऐकायलाच पायजे माझं.

हे बघा, हे मुलींचं हॉस्टेल हाय. मिरजेत दवाखाने किती, तुमीच बघा, आन् नर्सिंगच्या पोरी येत्यात कुठनं कुठनं — जत, कवठे, पार अथणीकडनं. त्यांच्या आईबापांना टाकी दिसत न्हाई आन् लाल नळ दिसत न्हाई. त्यांना एकच दिसतंय. परवा जतचे नाथाजी म्हणून आले होते, पोरीला पुढच्या वर्षी ठेवायची म्हणून आत्ताच जागा बघायला — नुसते खांब उभे हायत तरी आले. मी म्हटलं, खोल्या दावते कागदावर. तर म्हणाले, खोल्या राहू द्या, दारं किती? मी म्हटलं, एक. आन् त्या दारात कोण? म्हटलं, मी. दाराशेजारची खोली माझी हाय, पोरगी चप्पल घालाय लागली तरी मला कळतंय. झालं, त्यांचा जीव भांड्यात पडला. पेढे ठेवून गेले हितं, ह्याच विटांवर. आता त्यांना मी काय सांगू, की मागनं अजून एक दार हाय आन् ते आतनं ढकललं की उघडतंय? कोण ठेवील पोरगी? एक पोरगी त्या दारानं कुठं गेली तर हॉस्टेलचं नाव जातंय — आन् नाव माझं हाय वर. पाटी रंगवायला दिली सुद्धा. मनुबाई मुलींचे वसतिगृह.

म्हणून म्हणते, तुमी जिना काढा, दार काढा, तुमच्या कायद्यात बसतंय तसंच काढा. आमी तसंच बांधू. तपासायला येतील तवा सताड उघडं दावू. मग ते गेले की वीरधवल बाहेरनं कडी बसवणार हाय — कडी आणलीय पण त्यानं, चांगली जाडजूड हाय — आन् कुलूप, आन् किल्ली माझ्याकडं. आवं, असं बघू नका माझ्याकडं. हे मी बोलायला नको होतं वाटतं. पण सगळेच करत्यात की. तुमी सही करून पुण्याला जाणार, तुमाला काय माहिती मागनं कोण काय करतंय. आन् कुलूप म्हणजे काय पोरींना कोंडून मारायला न्हाई. आग लागली तर मी हायेच की खाली. किल्ली कमरेला, उठायचं, जायचं, उघडायचं. ही बघा किल्ली. हा छल्ला सासूनं दिला मला, वीरधवल पोटात होता तवा. म्हणाली, घे, आता घर तुझं. त्या दिवसापतूर मी नुसती सून होते. तवापासनं कंबर सोडली न्हाई ह्यानं.

आन् आगीचं आमाला शिकवू नका, राग मानू नका बरं. आमी उसातली माणसं. वर्साला फड पेटवतो आमी. पाला जाळायचा, पाला जळला की तोडणी हलकी. माझा मालक — केरबा नाव त्यांचं, फौजेतनं आल्यावर शेतीच केली — त्यांच्यासारखा फड पेटवणारा आमच्या शिवारात कुणी नव्हता. आधी सगळ्या बाजूनं पाला ओढून पट्टा करायचा, वारं बघायचं, मूठभर माती उडवून बघायची, मगच काडी. लोकं लांबनं बोलवायची त्यांना. आन् एक सवय होती त्यांची. चारी बाजूनं कवा पेटवायचे न्हाईत. तीन बाजू पेटवायच्या आन् एक कड मोकळी सोडायची. ससं असत्यात आत, मुंगसं, साप, हल्ली तर बिबट्याची पिल्लं पण सापडाय लागलीत उसात. गडी म्हणायचे, आवं दादा, चारी बाजूनं लावा की, लवकर उरकतंय. तर म्हणायचे, न्हाई. बाहेर पडायला वाट दिल्याशिवाय काडी लावायची न्हाई. आन् त्या मोकळ्या कडंला कुणाला उभं पण राहू द्यायचे न्हाईत. सश्यामागं काठ्या घेऊन पोरं उभी राहायची ना — त्यांना हाकलायचे. म्हणायचे, वाट सोडली म्हणजे सोडली, तिथं आपण उभं राहिलं तर ती वाट कसली?

व्हय, बोला. … न्हाई, ते जनावराचं झालं. जनावराला वाट लागते, पोरींना वळण लागतंय. दोन्ही एक करू नका तुमी. मी कशाला सांगत होते ते? आगीची माहिती हाय आमाला, एवढंच सांगत होते.

फडातली आग आडवी पळती, ते खरं. वाऱ्यासंगं. तुमी मगाशी म्हणालात, इमारतीतली वर चढती, आन् आगीच्या आधी धूर चढतो, पुढचा जिना म्हणजे धुराडं होतंय नुसतं. ते मला पटलं. गुऱ्हाळाचं चुलवाण बघितलंय मी, खाली चिपाडाची मूठ टाकली की वर भसकन धूर. वरच्या मजल्यावरच्या पोरींनी त्या धुराड्यातनं कसं उतरायचं — असंच विचारत होता न्हवं तुमी वीरधवलला? त्यानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं न्हाई मला. त्याची लेक पण तिथंच राहणार हाय, वरच्या मजल्यावर. शिवांजली. तिला नर्सिंगलाच जायचंय, घरात राहून अभ्यास होत न्हाई म्हणती, मैत्रिणींसंगं राहते म्हणती. वरनं रेल्वे दिसते म्हणून वरचीच खोली पायजे तिला.

तुमी कुठलं म्हणायचं? वाईचं! आता बघा. माहेर माझं खंडाळ्याला, वाईच्या बाजारात बापाच्या खांद्यावर… काय? सांगितलं होतं व्हय मगाशी? असंल. बोलण्याच्या नादात होतंय असं. ऊन पण लय हाय.

हसायला येईल तुमाला, एक गंमत सांगते. आत्ता दिवाळीनंतरची गोष्ट. वीरधवल आन् सूनबाई, पूजा, कराडला लग्नाला गेले. घरात मी आन् शिवांजली. आमचं घर वरच्या मजल्यावर, हितंच मागच्या आळीत. दुपारची येळ, जेवणं झालेली, मी लोखंडी जाळीचं दार ओढून आतनं कुलूप लावलं — नेहमी लावते, दुपारचं कोण बी येतंय वर. जरा पडले. तर पोरगी हाका मारतीय, आजी उठ, आजी कसला वास येतोय. बघते तर तो इन्व्हर्टर, दाराजवळच ठेवलेला, त्याच्यातनं धूर. जाळ न्हाई बरं का, नुसता धूर. पण काळा, आन् असा घशाला धरणारा की बोलता येईना. मी म्हटलं घाबरू नको, किल्ली हाय. कमरेला हात लावला तर छल्ला न्हाई.

उशाखाली न्हाई. देव्हाऱ्यात न्हाई. फ्रिजवर न्हाई. पोरगी खिडकीच्या गजाला तोंड लावून वरडतीय खाली, आन् मी आपली कपाटातल्या साड्या काढून झटकतीय. धुरात. दोनदा त्याच कपाटाशी गेले, म्हणते ती. शेजारचा कोंडीबा वर आला, त्याला दाराच्या बाहेरनं आमी दिसत होतो, एवढं जवळ, पण दार काय निघंना. शेवटी त्यानं खालनं वरवंटा आणला कुणाचा तरी आन् कुलूप फोडलं. झालं. काय झालं न्हाई कुणाला. पोरीला दोन दिवस खोकला होता, मिरजेत काय, दवाखाना दारातच. वीरधवल आला, मी म्हटलं, कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरंना. त्यानं नवीन कुलूप आणलं.

गंमत म्हणजे किल्ली सापडली नंतर. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. भाकरीला पीठ काढाय गेले तर हाताला लागली. मीच ठेवली असणार, दुसरं कोण ठेवतंय. पण मला अजून आठवत न्हाई. लय आठवून बघितलं. शिवांजलीनं बघितलं मला ती पिठातनं काढताना. माझ्याच पदरानं पुसून दिली मला आन् म्हणाली, आजी, पप्पांना न्हाई सांगत मी.

आता हसला न्हाई तुमी.

हसण्यासारखं न्हाईच म्हणा. मी सांगायला बसले तवा वाटलं होतं गंमत हाय.

भ्या वाटतंय मला, साहेब. आगीचं न्हाई. सकाळी उठले की आधी कमरेला हात जातो, आन् छल्ला लागला हाताला की बरं वाटतंय, आन् मग चहा ठेवस्तोवर पुन्हा हात जातो. कधी गॅस लावला का विझवला ते उभं राहून बघत बसते. माणसं ओळखते मी, तसं काय न्हाई. पण मधेच एक पायरी निसटल्यासारखं होतंय. हे कुणाला सांगितलं तर काय होईल? छल्ला काढून घेतील. प्रेमानंच काढतील — आई, तू आता आराम कर म्हणतील, खुर्ची देतील, टीव्ही लावून देतील. पाटीवर नाव राहील माझं. पण मग मी घरातली कोण? म्हणून मी गप्प राहिले. आन् माझ्या गप्प राहण्यावर त्यानं सगळा मेळ घातलाय. वर पोरी झोपणार, मागच्या दाराला कडी, आन् किल्ली कुणाकडं — तर आईकडं. आई हाय म्हणजे काळजी न्हाई, असं म्हणतो त्यो लोकांना. मालक असते तर म्हणाले असते, मनू, चारी बाजूनं लावलीस की गं. आन् मोकळ्या कडंला काठी घेऊन मीच उभी.

ते दार कसलं म्हणालात तुमी? आतनं आडवी दांडी असती, आन् अंगानं ढकललं तरी उघडतंय. बाहेरनं कुणाला आत येता येत न्हाई. आन् उघडलं की घंटा वाजती? मोठ्यानं? मग बरं की. नाथाजींना तसं सांगता येईल मला — बाहेरनं कुणी येत न्हाई, आन् आतनं कुणी गेलं तर सगळ्या आळीला कळतंय. हे आधी का न्हाई सांगितलं? सांगितलं होतं? बरं.

हॉर्न वाजला, वीरधवलचीच गाडी. आता नीट ऐका, पटकन ऐका. तुमी हटायचं न्हाई. त्यो चिडंल, माझ्या नावानं विनवंल, तरी न्हाई. ती कडी आणलेली हाय ना, ती पण विचारा — नकाशावर लिहूनच टाका, बाहेरनं कडी बसवायची जागाच ठेवायची न्हाई म्हणून. नियम हाय म्हणायचं. नुसतं नियम हाय. पिठाच्या डब्याचं न्हाई सांगायचं. आई विसरती असं तर अजिबात न्हाई. तेवढं माझ्याकडं राहू द्या अजून थोडे दिवस. तुमी माहेरकडचं न्हवं?

आलास व्हय रं. चहा आणलास? आधी साहेबांना दे. ठेकेदार कुठंय — बरं, येऊ दे मागनं. बोलले की मी, लय बोलले, विचार त्यांना. पण न्हाई ऐकत बघ. नियम हाय म्हणत्यात, दार किल्लीशिवायच उघडलं पायजे, त्याला ते तरी काय करणार. मला काय त्यातलं कळतंय? तू असं तोंड वाकडं करू नको, सही घे आन् काम चालू कर, पाऊसकाळ तोंडावर आलाय.

घ्या साहेब, चहा घ्या, गार होतोय. उन्हातान्हात आलाय लांबनं — गाव कुठलं म्हणायचं तुमचं?